तैवानचं तळलेलं चिकन घरी पोचेपर्यंत कुरकुरीत कसं ठेवायचं?

वाऱ्यावरची_मी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही तैवानमध्ये शिंचूला राहतो. नवरा इथल्या सायन्स पार्कमध्ये कामाला, मुलगा सात वर्षांचा. घरापासून स्कूटरने बारा मिनिटांवर, छिंगह्वा विद्यापीठासमोरच्या ग्वांगफू रोडच्या बाजूला एका गल्लीत तळलेल्या चिकनचं छोटं दुकान आहे. आत बसायला जागा नाही, सगळं पार्सलच. पुढे उतरत्या काचेखाली ट्रे मांडलेले, चिकनचे तुकडे, स्क्विड, टोफू, फरसबी, मोठे जाड मश्रूम, रताळ्याच्या फोडी. आपण चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या टोपलीत टाकायचं आणि टोपली मालकीणबाईंच्या हातात द्यायची. त्या कात्रीने मोठे तुकडे कापतात, तळतात, काढतात, परत तळतात, आणि अगदी शेवटी मूठभर हिरवी पानं तेलात सोडतात. ती पानं पडली की जो चर्र आवाज होतो ना, रांगेतले सगळे मोबाईलमधून डोकं वर काढतात. मग स्टीलच्या भांड्यात मीठ-मिरीचा मसाला मारून दोनतीनदा उडवायचं, कागदी पिशवीत भरायचं, वर दोन बांबूच्या काड्या खोचायच्या आणि ती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात द्यायची.

दुकानासमोर उभं राहून पहिला तुकडा खाल्ला की कुर्रर्र असा आवाज येतो, शेजारच्याला ऐकू जाईल इतका. पण घरी आणेपर्यंत सगळं मऊ पडतं! पिशवी आतून ओली, वरचं आवरण सकाळच्या उरलेल्या भज्यासारखं. शुक्रवारी आमच्याकडे वरणभात, लिंबू आणि हे चिकन असा ठरलेला बेत असतो. गेल्या शुक्रवारी मुलाने एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चावला आणि विचारलं, आई आज आवाज का येत नाही?

नवऱ्याचे मित्र म्हणतात तिथेच उभ्याने खा, ते तसंच खायचं असतं. पण मला ते चौघांनी ताटावर बसून खायचंय (सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांना स्कूटरवर बसवत नाही). काय करू? कोणी करून बघितलेलं असेल तर नक्की सांगा.

तिखटजाळ
तोंडाला पाणी सुटलं!!! रात्री साडेअकराला असे धागे काढू नयेत ही नम्र विनंती.

ठाणेकर_अभ्या
पानं कसली तळतात? तुळस? तुळस तेलात तळतात हे वाचून आमच्या आजीला चक्कर येईल.

तायपे_लोकल
@वाऱ्यावरची_मी ताई, मी तायपेत सहा वर्षं काढली, आता पुण्यात परत आलोय. या चिकनचं नाव यान-सू-जी, म्हणजे खारं कुरकुरीत चिकन. हे लहान तुकड्यांचं. दुसरा प्रकार म्हणजे जी-पाय, तो अख्खा मोठा तुकडा असतो, छातीचं मांस मधोमध चिरून पुस्तकासारखं उघडतात आणि थापून तळतात, आपल्या चेहऱ्याहून मोठा. तो प्रकार शिलिन नाईट मार्केटातल्या हॉट-स्टारने गाजवला, १९९२ पासूनचं दुकान आहे ते. तिथे जी-पाय कापून देत नाहीत, अख्खाच धरायचा आणि कडेपासून खात सुटायचं.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बाहेरची प्लास्टिकची पिशवी बांधायची नाही आणि कागदी पिशवीचं तोंड दुमडायचं नाही. बस. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आणखी एक वाक्य पाठ करा, "जा गान ई-द्येन". अर्थ, जरा कोरडं तळा. नेहमीची गिऱ्हाइकं हे सर्रास सांगतात, लाव-पान-न्यांगना म्हणजे मालकीणबाईंना लगेच कळतं की हे पार्सल लांब जाणार आहे.

या फॉर्म्युल्याने फरक पडला नाही तर धाग्यावरच्या सगळ्यांना माझ्याकडून जी-पाय. तैवानी लोकांची ही जुनी पद्धत आहे, तिकडे पीटीटी नावाचा १९९५ पासूनचा फोरम आहे, त्यावर लोक पैज लावतात ती जी-पाय आणि बबल टी नावाच्या चहाचीच. हरला तर शंभर जी-पाय वाटीन म्हणून लिहून बसतात आणि मग लोक मागे लागतात, कुठे आहे आमचा जी-पाय!

खवय्या७७
जी-पायसाठी नंबर लावतोय. मी पहिला.

तिखटजाळ
मी दुसरी. माझा जास्त तिखट.

सुगरण_नाशिक
@ठाणेकर_अभ्या तुळस नाही हो, आजींना सांगा निर्धास्त राहा. तो सब्जा! फालुद्यात घालतो ते काळं बी ज्या झाडाचं, त्याचीच ही पानं, जात एकच, फक्त तिकडचा वाण जरा उग्र, बडीशेपेच्या वासाचा. आपली देवाची तुळस वेगळी जात. माझ्या बाल्कनीत सब्जा आहे, मी त्याचीच पानं वापरते.

वाऱ्यावरची_मी
अय्या सब्जा! मी इतके दिवस बेझिल बेझिल म्हणत होते. इथे त्याला ज्यो-त्सेंग-ता म्हणतात, नऊ मजली मनोरा, फुलोरा असा एकावर एक थर रचल्यासारखा येतो म्हणून. आता सासूबाईंना सांगते, त्या ती पानं बाजूला काढून ठेवायच्या, देवाची म्हणून.

@तायपे_लोकल वाक्य कागदावर लिहून घेतलंय. शुक्रवारी बघते.

रसायनकाका
थोडं सविस्तर लिहितो, कारण दोष दुकानाचाही नाही आणि तुमचाही नाही.

तळताना आवरणातलं पाणी उडून जातं म्हणून ते कुरकुरीत होतं. पण आतल्या मांसात भरपूर पाणी असतंच. तेलातून काढल्यावरही मांस गरम असतं, वाफ बाहेर येत राहते आणि ती जाणार आवरणातूनच. हवा मोकळी असेल तर ती उडून जाते. पिशवी बंद असेल तर आत कोंडते, पिशवीच्या थंड भिंतीवर तिचं पाणी होतं आणि तेच परत चिकनवर ठिबकतं. शिंचूला तर वारा प्रसिद्ध, त्या गावाला वाऱ्याचं शहरच म्हणतात. हिवाळ्यात स्कूटरवर पिशवी लटकवली की प्लास्टिक बाहेरून गारठतं आणि आत पाणी आणखी पटकन धरतं. म्हणजे वारा बाहेरून लागून उपयोग नाही, आतून लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट दोनदा तळण्याची. पहिल्यांदा साधारण १६० डिग्रीला, मांस शिजण्यापुरतं. मग बाहेर काढून दोनतीन मिनिटं थांबायचं. या वेळात आतलं पाणी आवरणात येतं. दुसऱ्यांदा १९० च्या आसपास, मिनिटभर, ते आलेलं पाणी उडवायला. तायपे_लोकल म्हणतात ते कोरडं तळा म्हणजे ही दुसरी तळणी लांबवा. घरी नेणाऱ्याने ते सांगितलंच पाहिजे.

तिसरं, लसूण. बऱ्याच दुकानांत शेवटी कच्चा बारीक चिरलेला लसूण घालून देतात. त्याला पाणी सुटतं. तो वेगळ्या पुडीत मागा.

दक्षिणवारा
काका मस्त समजावलंत. मी ताइनानला विद्यापीठात आहे, दक्षिणेत. इकडे या चिकनला श्यान-सू-जी म्हणतात, उत्तरेत यान-सू-जी, अर्थ जवळपास तोच, खारट आणि मीठ एवढाच फरक. चवीत मात्र आहे फरक. इकडचे लोक सगळ्यात साखर घालतात, चिकनसुद्धा गोडसर. सुरुवातीला मला अजिबात आवडलं नव्हतं, आता उत्तरेतलं खाल्लं की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. लसूण इकडे ढिगाने.

इथलं ह्वायुआन नाईट मार्केट आठवड्यातून तीनच दिवस असतं, गुरुवार, शनिवार, रविवार. आमचं मराठी मुलांचं टोळकं शनिवारी तिथेच असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकाने विचारलं "याव बू याव ला", तिखट हवं का. आमच्यातला एक कोल्हापूरचा, छाती काढून म्हणाला ता-ला, म्हणजे भरपूर तिखट. खाऊन झाल्यावर म्हणाला, हे तिखट नाही रे, ही तर रंगीत पावडर आहे. आता तो खिशातून घरची कांदा-लसूण चटणी काढतो, डबी घेऊनच येतो. मालकाने एकदा चव घेतली, डोळ्यात पाणी आलं त्याच्या, पण पुढच्या शनिवारी त्यानेच विचारलं, ती डबी आणलीस का.

तिखटजाळ
कोल्हापूरचा आहे तो, बरोबर आहे ते. हसून हसून पुरेवाट.

शाकाहारी_भटक्या
आमच्यासारख्यांनी काय करायचं या धाग्यावर? पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला शिंचूलाच येतोय पंधरा दिवस. डाळ-तांदूळ बांधून आणू का?

वाऱ्यावरची_मी
@शाकाहारी_भटक्या दादा अजिबात आणू नका, वरणभाताला घरी या! आणि तैवान शाकाहाऱ्यांसाठी खूप सोपं आहे. बौद्ध लोक भरपूर, गल्लीगल्लीत शाकाहारी दुकानं, पाटीवर 'सू' हे अक्षर शोधायचं. शाकाहारी यान-सू-जीसुद्धा मिळतं, त्यात तो जाड मश्रूम, शिंग-बाव-गू, उभा फाडून तळतात. खरं सांगते, मी मांसाहारी असून तो मश्रूम चिकनपेक्षा आवडीने खाते. आणि गंमत म्हणजे तिथे कांदा-लसूण नाही, त्यांच्यात पाच उग्र भाज्या वर्ज्य असतात, आपल्याकडे चातुर्मासात पाळतात ना तसं. सासूबाई एवढ्या खूश झाल्या, म्हणाल्या यांचंही आपल्यासारखंच.

फक्त एक सांभाळा. साध्या चिकनच्या दुकानात मश्रूम, टोफू घेतलात तर तेल तेच असतं, ज्यात चिकन, स्क्विड आणि डुकराच्या रक्ताचा तांदळाचा केक तळतात. चालत नसेल तर 'सू' पाटीचंच दुकान धरा.

तायपे_लोकल
+१००. दुकानातल्या पाकिटांवर शाकाहाराचे पाच प्रकार लिहिलेले असतात तिकडे, पूर्ण शाकाहारी, अंडं चालणारे, दूध चालणारे, दोन्ही चालणारे आणि कांदा-लसूणवाले. इतकी बारकाई मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

ठाणेकर_अभ्या
थांबा, डुकराच्या रक्ताचा केक??

दक्षिणवारा
हो, चिकट तांदूळ रक्तात भिजवून वाफवतात, मग तळतात किंवा वाफवूनच शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर लावून देतात. मी खात नाही पण कूट-कोथिंबीर बघून घरची आठवण येते एवढं नक्की. तिथेच तियेन-बू-ला म्हणून माशाच्या सारणाच्या पट्ट्या असतात, त्या जरूर खा. जपानी राज्य होतं ना तैवानवर, १८९५ ते १९४५, तेव्हाचा तेंपुरा शब्द, तोंडातोंडी तियेन-बू-ला झाला. आणि जपानी तेंपुऱ्याचं मूळ पोर्तुगीज.

कुडाळचा_बाबू
पोर्तुगीज सगळीकडे जाऊन तळणं शिकवून आले म्हणायचं! आमच्या शेजारी गोव्यात साडेचारशे वर्षं राहिले, आम्हाला पाव दिला, मिरची दिली.

बाकी मसाल्याबद्दल कोणी बोललंच नाही. त्या चिकनात पाच मसाल्यांची पावडर असते ना, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि ती जिभेला मुंग्या आणणारी चिनी मिरी. ती चिनी मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण! एकाच घराण्यातली झाडं. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं घालतो ती. मी पनवेलला भावाकडे असताना एकदा घरीच ही पावडर केली, चिनी मिरी नव्हती, गावच्या तिरफळांच्या बिया काढून सालं भाजून कुटली. अगदी थोडी घाला, नाहीतर कडवट होतं. वास इतका चांगला सुटला की वरच्या मजल्यावरचे विचारायला आले.

खवय्या७७
बाबू, तिरफळं पाठव रे भावा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

मेलबर्नची_माऊ
आमच्या विद्यार्थीदशेत मेलबर्नला स्वान्स्टन स्ट्रीटवर हॉट-स्टार होतं, रात्रीचा क्लास संपला की तिघींत एक जी-पाय घ्यायचो. कापून देत नाहीत म्हणून हाताने तोडायचो, पहिली तोडणारी भाजायचीच. मंडळी, एक मनापासून सांगते, पाच मिनिटं थांबा. आत कोंडलेली वाफ फार वाईट असते, माझ्या टाळूची कातडी आठवडाभर सोललेली होती.

मग मी दुसऱ्या गावी गेले, तिथे एका दुकानातून मागवलं, दुकानाचं नाव लिहीत नाही. डिलिव्हरीवाल्याने प्लास्टिकचा डबा, त्यावर घट्ट झाकण, त्यावर पिशवीला गाठ मारून आणलं. उघडलं तर आतून पाणी टपकत होतं अक्षरशः. पंचवीस डॉलर घातले होते, रडू आलं मला, त्या दिवशी परीक्षा वाईट गेली होती आणि दिवसभर त्या चिकनचाच विचार करत होते. म्हणून या ताईंचा प्रश्न मला अगदी आतून कळला. तिथेच उभ्याने खा म्हणणाऱ्यांना काय, ज्याला घरी बसून आपल्या माणसांबरोबर खायचंय त्यालाही चांगलं मिळायला हवं.

मी तेव्हापासून ओव्हनमध्ये गरम करते. १८० डिग्री, चार-पाच मिनिटं, जाळीवर. ताटलीत नाही, जाळीवर, खालून हवा लागली पाहिजे. पानं आधी काढून ठेवा, ती करपतात. मायक्रोवेव्ह तर चुकूनही नाही.

वाऱ्यावरची_मी
माऊ, खरंच गं. इथे बऱ्याच घरांत छोटा ओव्हन असतो, आमच्याकडेही घरमालकांनी ठेवलेला आहे, मी त्यात फक्त पापड भाजते! शुक्रवारी हेही करते.

सुगरण_नाशिक
ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी लिहिते, कारण यात मी सपशेल फसले होते आणि तीन महिने डोकं खाजवत होते.

तैवानचं चिकन मैद्यात नाही घोळवत, रताळ्याच्या स्टार्चमध्ये घोळवतात, जाडसर कणीदार. त्या कण्या वर चिकटून तळल्या जातात म्हणून ते खडबडीत आवरण होतं. मी काय केलं, रताळ्याचं म्हणून दुकानातून उपासाचं रताळ्याचं पीठ आणलं. चिकन दोन मिनिटांत काळंकुट्ट, आत कच्चं! मग लक्षात आलं, ते अख्ख्या रताळ्याचं पीठ, त्यात साखर, चोथा सगळं असतं, ते लगेच करपतं. स्टार्च म्हणजे नुसतं सत्त्व, कुर्डयांसाठी गव्हाचं काढतो तसं रताळ्याचं.

स्टार्च मिळेना म्हणून साबुदाणा घेतला. मिक्सरमध्ये फिरवून चाळला, बारीक पीठ वेगळं, रव्यासारखं जाड वेगळं. जाडात निम्मं कॉर्नफ्लोर. अर्धा किलो बोनलेस लेग पीस, दोन चमचे सोया सॉस, लसूण, चमचाभर साखर, पांढरी मिरी, पाच मसाल्यांची पावडर पाव चमचा, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, तासभर मुरत ठेवलं. घोळवल्यावर लगेच तळायचं नाही, दहा मिनिटं ताटात तसंच ठेवायचं, कोरडं पीठ ओलसर दिसायला लागलं की मग तेलात, नाहीतर सगळं आवरण कढईत सुटतं. सब्जाची पानं धुऊन अगदी कोरडी पुसा, पाण्याचा थेंब राहिला तर तेल अंगावर उडतं. माझ्या मनगटावर खूण आहे अजून.

दक्षिणवारा
काकू दंडवत! आणि साबुदाणा अगदी योग्य निवडलात, कारण बबल टीतले मोती ज्या टॅपिओका स्टार्चचे, त्याचाच आपला साबुदाणा. इकडे चिकनच्या जोडीला हमखास बबल टी घेतात, म्हणजे तुमच्याकडे एका डब्यात दोन्हीची सोय.

रताळ्याबद्दल सांगायचं तर इथल्या लोकांचा फार जीव आहे त्यावर. बेटाचा आकारच रताळ्यासारखा, म्हणून स्वतःला रताळी म्हणवून घेतात. माझ्या घरमालकीण आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी भात परवडायचा नाही, रताळ्याच्या वाळवलेल्या किसात मूठभर तांदूळ घालून खायचे. आता त्या तळलेल्या रताळ्याच्या फोडी आवडीने खातात, वर आंबटगोड प्लमची पावडर भुरभुरतात, आपल्या चाट मसाल्याच्या जवळची चव. पण रताळ्याचा भात दिला तर ताट सरकवतात, म्हणतात पुरे झाला.

ठाणेकर_अभ्या
आमची आजीही मिलो ज्वारीच्या भाकरीचं नाव काढलं की असंच म्हणते, दुष्काळातली. कळलं मला ते.

शाकाहारी_भटक्या
साबुदाण्याच्या आवरणात पनीर कसं लागेल? आणि मश्रूम?

सुगरण_नाशिक
मश्रूम झकास होतो, पनीर नको, आत मऊच राहतं आणि आवरण गळून पडतं. सुरण करून बघा, उकडून, चिंचेच्या पाण्यात घालून. माझ्या जावेने केला होता, कोणाला चिकन नाही हे कळलं नाही.

रसायनकाका
अवांतर: @तायपे_लोकल शिलिनहून घरी पार्सल कसं नेत होता? मेट्रोत खायला बंदी आहे ना?

तायपे_लोकल
काका, जियानतान स्टेशनला चढायचो. नेता येतं, खाता येत नाही, दंड १५०० ते ७५०० तैवानी डॉलर आहे. पाण्याचा घोटसुद्धा नाही आणि लोक मनापासून पाळतात, म्हणून गाड्या इतक्या स्वच्छ. पण पिशवीचं तोंड उघडं ठेवलं की सगळ्या डब्यात वास. एकदा समोर बसलेल्या आजोबांनी पिशवीकडे बघून बोटांनी विचारलं, कुठलं? मी सांगितलं शिलिन. त्यांनी नाही नाही अशी मान हलवली आणि माझ्या नकाशावर त्यांच्या गल्लीतलं दुकान दाखवलं. पुढची चार वर्षं मी तिथेच खाल्लं. मालक दुसऱ्या तळणीनंतर जाळीची टोपली गोल फिरवायच्या यंत्रात घालून तेल उडवायचा. तीस मिनिटांनी घरी पोचलो तरी कडक.

मेलबर्नची_माऊ
आजोबांना माझा नमस्कार सांगा.

खवय्या७७
शुक्रवार झाला का? आमचे जी-पाय टांगणीला लागलेत.

वाऱ्यावरची_मी
झाला! सविस्तर लिहिते.

दुकानात गेले, टोपली भरली, आणि कागदावरचं वाक्य म्हटलं, जा गान ई-द्येन. मालकीणबाई एकदम वर बघून हसल्या. पावणेदोन वर्षं येतेय, मी कधी याव-ला (तिखट हवं) आणि श्ये-श्ये (धन्यवाद) यांच्यापुढे बोललेच नव्हते. त्यांनी विचारलं घरी नेतेस का, मी हो म्हटलं, मुलगा आहे, सासूबाई आहेत. मग त्यांनी स्वतःच लसूण छोट्या पुडीत वेगळा दिला, पानं वेगळ्या कागदात, आणि प्लास्टिकची पिशवी दिलीच नाही! कागदी पिशवीच्या वरच्या बाजूला काडीने चारपाच भोकं पाडून दिली. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, कोणी विचारायचीच खोटी.

पिशवी स्कूटरच्या हुकाला न लावता पुढच्या खणात उभी ठेवली, वर नवऱ्याचा मफलर सैल. घरी आल्यावर अर्धं तसंच वाढलं, अर्धं ओव्हनमध्ये जाळीवर चार मिनिटं. नुसतं आणलेलं ठीक होतं, आधीपेक्षा खूपच चांगलं पण दुकानासमोरच्यासारखं नाही. ओव्हनमधलं, काय सांगू, सासूबाईंची कवळी आहे तर त्या म्हणाल्या मला ते आधीचं मऊ दे! मुलाने ओव्हनमधला तुकडा खाल्ला, काही बोलला नाही, दुसरा उचलून माझ्या कानाशी आणला आणि तिथे चावला.

मेलबर्नची_माऊ
आई गं.

रसायनकाका
छान. सासूबाईंसाठी पुढच्या वेळी थोडं वेगळं काढून झाकून ठेवा, दोघींचं काम होईल.

तिखटजाळ
म्हणजे तायपे_लोकल जिंकले की हरले? नुसत्या पिशवीने पूर्ण काम झालं नाही ना, ओव्हन लागलाच.

तायपे_लोकल
फरक पडला असं ताईंनी स्वतः लिहिलंय, म्हणजे पैज जिंकलो. पण या धाग्याने इतकी मजा आली की पुण्यातल्या मंडळींना माझ्याकडून पार्टी. सुगरणकाकूंच्या साबुदाण्याने, घरी करून. बाबू, तिरफळं पाठवच.

कुडाळचा_बाबू
पाठवतो. सुकलेली आहेत, गेल्या पावसातली. किती लागतील, पाव किलो?

सुगरण_नाशिक
पाव किलो नको हो, सगळ्या पुण्याची जीभ बधिर होईल! दहाबारा फळं पुरतात. आणि @तायपे_लोकल तेल तापलं की नाही बघायला पानाचा तुकडा टाकू नका, साबुदाण्याची एक कणी टाका, लगेच फुलून वर आली तर तयार.